सहावी बाटली

उत्तम,

ही गोष्ट सांगायचं मी नऊ वर्षं टाळलं. तू होतास तोवर तुला सांगायचं टाळलं, आणि परवा तुझ्या जलदानविधीला, तुझ्याच दारापुढच्या मांडवात, सगळ्यांना सांगायचं टाळलं. वंदना झाल्यावर मला चार शब्द बोलायला उभं केलं. मी म्हणालो, उत्तम वेळेवर यायचा, त्याच्या हाताला स्वच्छता होती, त्याला सूक्ष्मदर्शकात जे दिसायचं ते शिकलेल्या माणसांना दिसत नसे. लोकांनी माना डोलावल्या. खाली बसताना मी खुर्चीचा हात घट्ट धरला. शेजारच्याने वयाचा त्रास समजून पाण्याचा पेला पुढे केला आणि तो हातात घेताना मला तू प्यालेली बाटली आठवली. ती कुठली, ते पुढे सांगतो.

तुला सगळं ठाऊक आहे असं मी धरून चालत आलो. पण तुला निम्मंच ठाऊक होतं. उरलेलं निम्मं माझ्याजवळ होतं आणि ते चांगलं होतं, तुला सोडवणारं होतं. तेच मी दाबून ठेवलं.

हे इतरही वाचतील, म्हणून आपण काय करायचो ते आधी लिहितो. हिंगोलीच्या बाहेर, कळमनुरी रोडला आपली दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. हरभऱ्यावर, तुरीवर, कापसावर घाटे अळी पडायची आणि दुकानातलं कुठलंही औषध मारलं तरी मरायची नाही, त्या वर्षांतली ही गोष्ट. आपण त्या अळीला होणारा रोग वाढवायचो. शेतातून अळ्या वेचून आणायच्या. त्या एकमेकींना खातात म्हणून प्रत्येकीला वेगळ्या कुपीत ठेवायचं. भिजवलेल्या हरभऱ्याला विषाणूचं पाणी लावून तो त्यांना खाऊ घालायचा. आठवडाभरात अळी कुपीत वर चढून उलटी लटकायची आणि आतून पाणी व्हायची. अशा मेलेल्या अळ्या वाटून, मलमलीतून गाळून, ते पांढुरकं पाणी तपकिरी बाटल्यांत भरायचं आणि शेतकऱ्यांना फवारायला द्यायचं. अळी सोडून ते कुणालाच काही करत नाही. मधमाशीला नाही, कोंबडीला नाही, माणसाला नाही. हे मी शंभर सभांत सांगितलं असेल आणि ते खरं आहे.

तू आलास तो रोजंदारीवर, अळ्या वेचायला. दहावी नापास, असं स्वतःच सांगितलंस, जणू पदवी सांगावी तसं. दोन महिन्यांनी मी तुला पहिल्यांदा काचपट्टी दाखवली. विषाणू इतका बारीक की आपल्या यंत्रात तो दिसायचा नाही, पण अळीच्या पेशीत तो स्वतःभोवती प्रथिनाचे स्फटिक बांधून घेतो, ते दिसतात. चकचकीत, कोपरे असलेले दाणे. तू एक डोळा मिटून बराच वेळ बसून राहिलास आणि मग म्हणालास, "सायेब, ह्यो तर साबुदाणा हाय."

त्या दिवसापासून प्रयोगशाळेत दुसरा शब्द चालला नाही. वरच्या कार्यालयातून तपासणीला आलेल्या बाईंनी बाटल्यांच्या रांगेकडे बोट करून या मालाची प्रत कशी आहे असं विचारलं, तर तू म्हणालास, साबुदाणा भरपूर हाय म्याडम. त्यांना वाटलं आपण इथे उपासाचं काहीतरी शिजवतो. मी इंग्रजी शब्दांत सारवासारव करत होतो आणि तू त्यांच्यामागे उभा राहून तोंडावर रुमाल दाबून हसत होतास.

तुला प्रश्न फार पडायचे. एवढ्याशा अळीत एवढा साबुदाणा येतो कुठून, हा तुझा पहिला. मी सांगितलं की विषाणू स्वतः काही बनवत नाही, तो अळीच्या पेशीला कामाला लावतो. पेशी आपलं सगळं सोडून त्याच्या एकाच प्रथिनाच्या मागे लागते आणि ते इतकं बनवते की शेवटी फुटते. तू म्हणालास, म्हणजे गिरणी अळीची अन् दळण त्याचं. मला तुझा हा दाखला इतका आवडला की मी पुढचंही सांगितलं. मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांमध्ये शास्त्रज्ञ या विषाणूचं साबुदाण्याचं जनुक काढून टाकतात आणि त्या जागी दुसरंच जनुक बसवतात. मग तीच गिरणी आपल्याला हवं ते प्रथिन दळून देते. कावीळ ज्या विषाणूने होते त्याचं नुसतं वरचं कवच असं बनवता येतं आणि त्याची लस करता येते. अशा बदललेल्या विषाणूत साबुदाणा नसतो, काचपट्टीवर नुसतं गढूळ पाणी दिसतं.

"अन् गिरणीवाली अळी मरते का?" तू विचारलंस.

"मरते."

"मंग दळण घेऊन आपण पळायचं," असं म्हणून तू कुप्या धुवायला गेलास.

मी हे सगळं तुला हौसेने शिकवलं. पुढे जे झालं ते या शिकवण्यामुळेच झालं. तुला ते शिकवलं नसतं, तर घाबरायचं कशाला हेच तुला कळलं नसतं.

आपला एक वाद कधी संपला नाही. तुझं म्हणणं असं की शेतकऱ्याने आपल्या आवारात आपणच हे करावं. उलट्या लटकलेल्या अळ्या वेचाव्यात, वाटाव्यात, कपड्यांना घालतो ती नीळ आणि थोडा गूळ मिसळावा आणि दिवस कलल्यावर फवारावं, कारण उन्हात विषाणू मरतो. यात प्रयोगशाळा लागतेच कुठे? मी म्हणायचो, मोजमाप नाही, त्यात दुसरे जंतू वाढतील, लोक आजारी पडतील आणि नाव आपलं खराब होईल. तू म्हणायचास, सायेब, तुमाला भ्या जंतूचं न्हाई, तुमच्या सहीचं हाय. मी चिडायचो. आता वाटतं, मला तू माझ्याहून आधी ओळखलं होतंस.

आता त्या दुसऱ्या विषाणूबद्दल. माझ्या मावसबहिणीचा मुलगा एका मोठ्या शहरात संशोधन करत होता. जिल्हा नवीन झाला त्या हिवाळ्याआधी तो थर्मासमध्ये बर्फ घालून एक कुपी घेऊन माझ्या घरी आला. तसाच बदललेला कीटकविषाणू, त्यात काविळीच्या विषाणूच्या कवचाचं जनुक. पेशी काचेत वाढवायला महाग पडतात, अख्ख्या अळीत हे प्रथिन किती बनतं ते बघायचं होतं. त्याच्या संस्थेत परवानग्यांना वेळ लागत होता आणि माझ्याकडे अळ्या होत्या. लेखात तुमचं नाव येईल, असं तो म्हणाला. अळ्यांच्या कुप्या मोजण्यात माझी बावीस वर्षं गेली होती. मी हो म्हणालो.

परवानगी माझ्याकडेही नव्हती. हा विषाणू अळीच्या तोंडावाटे लागत नाही, टोचावा लागतो. म्हणून रविवारी, तू नसताना, मी एरंडावरच्या पानं खाणाऱ्या अळ्या आणून बारीक सुईने टोचायचो. त्यांचं पाणी मी एका तपकिरी बाटलीत साठवलं आणि आपल्याच फ्रिजमध्ये, खालच्या कप्प्यात मागे ठेवलं. वर कागद चिकटवून एक खूण केली. फ्रिजच्या ओलाव्याने तिथला कुठलाही कागद आठवडाभर टिकायचा नाही, हे मला माहीत होतं. तरी कागदच चिकटवला.

एका सोमवारी तू एरंडाचं पान खालून उचललंस, त्याच्यावरची मेलेली अळी उजेडात धरलीस आणि म्हणालास, हिला कोण टोचलं? मी म्हणालो, काटा लागला असेल. तू पान केरात टाकलंस. एरंडाच्या पानाला काटे नसतात, हे तुला मी सांगायची गरज नव्हती.

गोरेगावच्या सभेच्या दिवशी पहाटेपासून वीज नव्हती. जीप दारात उभी होती. मी आतल्या खोलीत चाचपडत फ्रिज उघडला आणि बाटल्या पिशवीत भरल्या. पाच न्यायच्या होत्या. पिशवी तुझ्या मांडीवर दिली. सेनगावपर्यंत तू जीपवाल्याशी बोलत होतास. मी मागे झोपलो होतो.

गोरेगावात बाजाराचा दिवस. पारावर चाळीसेक माणसं जमली. मी नेहमीचं बोललो. लोक ऐकत होते, पण कुणी पुढे येत नव्हतं. रोगाचं पाणी शेतात मारायचं आणि त्याच हरभऱ्याची भाजी लेकरांना खाऊ घालायची, हे त्यांना पटत नव्हतं, आणि मला ते चूक वाटत नाही. मग पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने, सगळे त्याला तात्या म्हणत होते, तंबाखू मळता मळता विषय संपवला. "काही होत न्हाई म्हणता ना? मंग पाजा तुमच्या मान्साला."

तुमच्या माणसाला. मला पी, असं कोणी म्हणालं नाही. मी तिथेच म्हणायला हवं होतं की मी पितो. माझ्या डोक्यातही ते आलं नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी मान हलवली. तू पिशवीत हात घातलास, हाताला लागली ती बाटली काढलीस, दातांनी प्लास्टिकचं खोलगट बूच उपटलंस, बुचात पाणी ओतलंस आणि प्यालास. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा तात्यांकडे बघून म्हणालास, "साखर टाकली असती तर तुमाला बी देलं असतं." लोक हसले, टाळ्या पडल्या. पंधरा जणांनी नावं लिहून दिली.

त्या टाळ्या चालू असताना मी बाटल्या बाहेर काढून पारावर मांडत होतो. तुझ्या हातातली धरून सहा झाल्या.

मी पुन्हा मोजल्या. एकीवरही कागद नव्हता. सगळ्या सारख्या, तपकिरी, गार, घाम आलेल्या. तुझ्या ओठांवर ते पांढुरकं पाणी अजून ओलं होतं आणि तू बाहीने ते पुसत होतास. लोकांना मी सांगितलं की आज बाटल्या फक्त दाखवायला आणल्यात, माल पुढच्या आठवड्यात पोचवतो. सगळ्या परत पिशवीत भरल्या आणि परतीच्या वाटेवर पिशवी माझ्या मांडीवर घेतली. तू विचारलंस, सायेब, आज पिशवी तुमी काहून धरली? मी पिशवी आणखी जवळ ओढली.

शास्त्र मला पाठ होतं. कीटकाचा विषाणू माणसात वाढत नाही. कवचाच्या जनुकाने कावीळ होत नाही, जसं नुसत्या सालीने झाड उगवत नाही. हे मी स्वतःला जीपमध्ये सांगितलं, घरी सांगितलं, जेवताना सांगितलं. पण जे मी बिनपरवाना आणलं होतं, जे जगात कुणी प्यालेलं नव्हतं, ते कदाचित तुझ्या पोटात होतं, आणि ते मान हलवून मी तुला पाजलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू आलास. कुप्यांची टोपली खाली ठेवलीस आणि दारातच उभा राहिलास.

"सायेब, पिशवीत सा बाटल्या होत्या."

"असतील."

"फ्रिजात आपल्या मालाबिगर दुसरं काही होतं का?"

मी म्हणालो, "नाही."

"काहीच न्हाई?"

"नाही म्हटलं ना."

मग "बराबर," एवढंच म्हणालास आणि टोपली उचलून आत गेलास.

तू दोनदा विचारलंस. मला नंतर कितीदा तरी वाटलं की तुला उत्तर नकोच होतं, तुला मी हवा होतो. मी म्हणालो असतो, होय, होतं दुसरं, ये, दोघं मिळून बघू काचपट्टीवर, तर दहा मिनिटांचं काम होतं. ते सगळं मीच तुला शिकवलेलं. पण सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला मी आदल्या संध्याकाळीच कुलूप घातलं होतं.

चार दिवस मी त्या पिशवीला हात लावला नाही. तू खोकलास की मी मान वर करायचो. तू एक दिवस आला नाहीस, तर मी स्कूटर काढून तुझ्या गावापर्यंत आलो आणि वस्तीच्या कमानीपासून परत फिरलो. तू दारात पाटावर बसून तुझ्या लेकीच्या, पंचशीलाच्या वह्यांना पुठ्ठे घालत होतास, हे लांबून दिसलं. ती आठ-नऊ वर्षांची असेल तेव्हा. तुझ्या पाठीवर रेलून उभी होती. ते चित्र मला आठवत राहतं, कारण नंतर तसं मी कधी पाहिलं नाही.

पाचव्या दिवशी मी दार आतून लावून काचपट्ट्या केल्या. तू उघडलेली बाटली वेगळी कळत होती, तिच्या बुचावर तुझ्या दातांची खूण होती. पहिला थेंब तिचा घेतला. डोळा लावला.

साबुदाणा. खच्चून भरलेला, चकचकीत, तुला दाखवला होता तसाच. आपलाच माल. तू आपलाच माल प्याला होतास.

उरलेल्या पाचांत एक निघाली, जिच्यात नुसतं गढूळ पाणी होतं. ती मी उकळली, ब्लीचिंग पावडर घालून मागच्या खड्ड्यात पुरली आणि मग खुर्चीत बसून रडलो. आनंदाने रडलो, हे सांगायला लाज वाटते. डोळे पुसून तुला सांगायला बाहेर आलो. तू अंगणात उकिडवा बसून हरभरे कुप्यांत टाकत होतास. मला बघून थांबलास.

तुला सांगायचं तर आधी सांगावं लागलं असतं की सहावी बाटली होती. म्हणजे मी खोटं बोललो. म्हणजे टोचलेल्या अळ्या, रविवार, परवानगी, सगळंच. तुझ्या तोंडून ते कुठे गेलं असतं तर माझी नोकरी गेली असती. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती. मी म्हणालो, "या खेपेचा माल चांगला उतरलाय."

"व्हय का," तू म्हणालास आणि पुन्हा हरभरे टाकायला लागलास.

मी त्या दिवसापासून मोकळा झालो. नीट झोपायला लागलो. तुला मात्र तिथेच बसवून ठेवलं.

तू दुसऱ्या दिवशी स्वतःचा पेला घेऊन आलास. आपण आधी एकाच किटलीतून, जो पेला रिकामा असेल त्यातून चहा प्यायचो. आता तुझा पेला वेगळा, खाली लाल रंगाचा ठिपका दिलेला. पिऊन झाला की तूच विसळायचास आणि खिडकीत पालथा ठेवायचास. मी पाहिलं आणि विचारलं नाही. तुझ्या वडिलांचा कप गावच्या हॉटेलात छपराच्या वाशाला वेगळा अडकवलेला असायचा, हे तूच मला एकदा हसत सांगितलं होतंस. मला वाटलं, गोरेगावात साहेबाने स्वतः न पिता मला पाजलं, हे तुला लागलं आहे, आणि आता तू तुझा कप तुझ्या हाताने वेगळा करून मला दाखवतो आहेस. वेगळा पेला पाहिला की माझ्या पिढीच्या, माझ्या जातीच्या माणसाला एकच अर्थ सुचतो. मी शरमेने गप्प राहिलो आणि त्या शरमेला मी तुझा मान राखणं समजत होतो.

दोनेक वर्षांनी तुला कावीळ झाली. निरोप आला तेव्हा मी खाली बसलो. बाटलीत मी डोळ्यांनी साबुदाणा पाहिला होता, तरी बसलो. एखादा थेंब बुचाला लागला असेल, त्या रविवारी माझेच हात, तीच सुई, असं काहीही मनात येत होतं. सरकारी दवाखान्यात तू खाटेवर होतास, डोळे हळदीसारखे. तुझ्या पत्नी निर्मलाबाई बाहेर व्हरांड्यात बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, यांच्या गल्लीतली अकरा माणसं आलीत, नळाच्या पाण्यात गटार मिसळलंय. मी ते तुला येऊन सांगितलं.

तू छताकडे बघत म्हणालास, "लेकराला लागंल का सायेब?"

"पाण्याचं आहे, उत्तम. पाणी उकळून प्या म्हणजे झालं."

"तुमी म्हणता म्हंजी तसंच असंल."

असं तू म्हणालास, पण माझ्याकडे पाहिलं नाहीस. तेव्हा खाटेच्या कडेला बसून सांगायची दुसरी संधी होती. निर्मलाबाई आत आल्या आणि मला बरं वाटलं की त्या आल्या.

तू बरा झालास. पुढे प्रयोगशाळा बंद पडली, मी निवृत्त झालो आणि आपला वाद तू एकट्याने जिंकलास. तुझ्या वस्तीवर, मातीच्या मडक्यात आणि जुन्या साडीच्या फडक्यात तू तो विषाणू बनवत राहिलास, नीळ आणि गूळ घालून चार गावांना देत राहिलास. कुणी आजारी पडलं नाही. मी एकदा बघायला आलो तेव्हा तुझे हात कोपरापर्यंत त्या पांढऱ्या पाण्यात होते. साध्या विषाणूला तू कधीच भ्याला नाहीस. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं, तरी मला त्याचा अर्थ लागला नाही. तू मला चहा दिलास, तू स्वतः तो ठिपक्याचा पेला घेतलास, आणि आपण पावसापाण्याचं बोललो.

परवा जेवणं उठल्यावर पंचशीला माझ्याजवळ आली. यंदा बारावी सायन्सला आहे, उंच झाली आहे, बोलण्यात थेट तुझी. तिच्या हातात एक ताट, एक वाटी आणि तो पेला होता. तिन्हींच्या खाली लाल ठिपका.

"सर, हे पप्पांचं ताट. आई म्हणती कुणाला तरी देऊन टाका. पप्पा कुणाला हात लावू देत न्हवते याला."

मी विचारलं, कधीपासून. ती म्हणाली, तिसरीत असल्यापासून. त्याआधी ती रोज तुझ्या ताटात जेवायची. एक दिवस तू ताट वेगळं केलंस, आंघोळीचा टॉवेल वेगळा केलास, तिला पाठीवर घेणं बंद केलंस. निर्मलाबाईंनी विचारलं तर म्हणालास, माझ्या अंगात काही हाय का ते मला ठाऊक न्हाई, ठाऊक होईस्तोवर लांब राहा. कावीळ झाल्यावर तर तुझी खात्रीच पटली. नऊ वर्षं, उत्तम. काळीज बंद पडून तू गेलास, त्याचा त्या बाटलीशी काही संबंध नाही असं डॉक्टर सांगतील. पण तू गेलास तो तेच ओझं घेऊन गेलास.

मग ती म्हणाली, "मला वाटायचं मी पोरगी म्हणून. थोडी मोठी झाले तशी मी पन त्यांच्याजवळ जायचं सोडून देलं. तुमाला माहीत होतं का सर, काहून असं?"

मांडवातल्या खुर्च्या कुणीतरी एकात एक रचत होतं. मी तो पेला हातात घेतला, उलटा केला, ठिपका पाहिला. आणि त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. तू मला काही दाखवत नव्हतास. तू मला वाचवत होतास. मी पितो त्या पेल्याला तुझं तोंड लागू नये म्हणून तू तो पेला आणला होतास. दोन खोल्यांच्या त्या प्रयोगशाळेत, ज्याने तुला पाजलं, त्याच्यापासूनही तू रोग लांब ठेवत होतास.

आणि ती शंका तुझ्या मनात आधी कशाने रुजली, तेही कळलं. बाटल्या सहा होत्या म्हणून नाही. मी नाही म्हणालो म्हणून. साहेब खोटं बोलतो आहे, म्हणजे माझ्या पोटात तेच गेलं आहे, असा तू हिशेब केलास. तुझ्या जागी मीही तोच केला असता.

पंचशीला उत्तराची वाट बघत होती. मी तिला म्हणालो, "नाही, बाळ." हे नाही मी दुसऱ्यांदा म्हणालो, तुझ्याच अंगणात, तुझ्या फोटोसमोर.

म्हणून घरी येऊन हे लिहायला बसलो. तीन दिवस झाले लिहितो आहे. वय झालं आहे, आणि अजूनही दारावर थाप पडली की वाटतं कुणीतरी कागदपत्रं मागायला आलं आहे. मागू देत. हा मजकूर छापायला जायच्या आधी तुझ्या लेकीच्या हातात जाईल. मीच नेऊन देणार आहे. ते ताट, वाटी, पेला तिने मला दिलं, मी ते घेऊन आलो आहे. आज दुपारी त्याच ताटात जेवलो, त्याच पेल्याने पाणी प्यालो. गोरेगावात प्यायला हवं होतं.

तू मला कधी बोलला नाहीस. काविळीनंतर तीनेक वर्षांनी, माझ्या निवृत्तीच्या दिवशी तू हार घेऊन आलास, आणि हार गळ्यात न घालता माझ्या हातात दिलास. तेही मला तेव्हा मानापमानाचं वाटलं. किती मूर्ख होतो मी.

त्या दिवशी प्रयोगशाळेच्या अंगणात तू हरभरे टाकता टाकता थांबलास, वर पाहिलंस, तिथे मी परत उभा राहतो आहे. माल चांगला उतरलाय, हे म्हणत नाही. हे म्हणतो:

उत्तम, होय, फ्रिजमध्ये दुसरं होतं. मी आणलं होतं, मी लपवलं होतं, आणि तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. पण तू प्यालास ती बाटली ती नव्हती. बुचावर तुझे दात उमटले होते तिच्यातला थेंब मी काचेवर घेतला. त्यात साबुदाणा होता, भरपूर होता. तुझ्या अंगात काही नव्हतं रे. लेकीला जवळ घे. मला माफ कर.